भंडारदरा परिसरातील कौटुंबिक तंबूमुक्काम

स्थान

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला टेकून अकोले तालुका पसरला आहे. त्याच्या उत्तरेस नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका आहे. पश्चिमेस कडे एकदम तुटतात आणि खाली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका लागतो. या कोपऱ्यातील भंडारदरा जलाशय आणि त्याभोवतीची गावे हा तंबूमुक्कामाचा मुख्य परिसर होय. मुंबई आणि नाशिककडून येणारी वाट घोटी व बारी या गावांवरून शेंडीला पोहोचते. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. सर्वांत सोयीचे रेल्वेस्थानक इगतपुरी. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचे गाव असून निवास, जेवण आणि किरकोळ खरेदी यांची सोय तेथे होते. मोठी बाजारपेठ मात्र राजूरला आहे.

पाऊस आणि भूरचना

हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यांतील कठीण थर कडे म्हणून उभे राहिले, तर मऊ थर झिजून त्यांचे उतार व टप्पे झाले. अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यालगत प्रचंड पाऊस पाडतात. घाटघर आणि रतनवाडी येथे वर्षाला ४,००० ते ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. त्याच जिल्ह्याची सरासरी मात्र ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास आहे. धबधबे, दऱ्या, जंगल, काजवे आणि धरण या सर्वांचे मूळ या पावसात आहे. त्यामुळे कोणत्या महिन्यात काय पाहता येईल आणि तंबू कोठे लावता येईल, हे दोन्ही पाण्यावरून ठरते.

धरण आणि जलाशय

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. उगमापासून थोड्याच अंतरावर तिला अडवणारे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात दगडी बांधकामात उभारले गेले. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. धरणाची उंची सुमारे ८२ मीटर असून साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. येथून सोडलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत वळते. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यातील ऊसशेती आणि तिच्यावर उभी राहिलेली सहकारी साखर कारखानदारी या पाण्याशी जोडलेली आहे. पाटबंधारे खात्याच्या भाषेत पाणी ‘आवर्तना’ने सुटते, म्हणजे ठरावीक काळ ठरावीक विसर्ग चालू राहतो. प्रत्येक आवर्तनानंतर जलाशयाची पातळी उतरते.

काठावरची जमीन

जलाशय साधारणपणे ऑगस्टमध्ये भरतो. त्या वेळी पाणी झाडांच्या रेषेपर्यंत आलेले असते आणि सपाट काठ जवळजवळ शिल्लक राहत नाही. पावसाळा संपून रब्बीची आवर्तने सुरू झाली की पातळी उतरू लागते आणि मंद उताराचे पट्टे उघडे पडतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात तंबूंच्या रांगा दिसतात त्या अनेकदा अशा जमिनीवर. तंबूच्या दृष्टीने ती सोयीची असते, कारण ती मोकळी आणि बरीचशी सपाट असते व समोर पाणी असते. तिच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. गाळाची कड ओली असल्यास पाय रुततो, पाण्याखालचा उतार अचानक तीव्र होतो आणि सावली मिळत नाही. लहान मुले बरोबर असतील तर तंबू पाण्याच्या कडेपासून बराच दूर आणि थोडा उंचावर असणे आवश्यक ठरते.

मुक्कामाच्या जागा

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा असून त्यावर मुक्कामाच्या निरनिराळ्या जागा येतात. शेंडी आणि मुरशेत धरणाजवळ आहेत. पक्क्या खोल्या, उपाहारगृहे आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान या बाजूला असल्याने प्रथमच तंबूत राहणाऱ्या कुटुंबांना हा भाग सोपा पडतो. दक्षिण काठावरील मुतखेल, कोलटेंभे आणि उत्तर काठावरील पांजरे, उडदावणे ही गावे त्या मानाने शांत. रतनवाडी जलाशयाच्या टोकाला असून अमृतेश्वर मंदिर आणि रतनगड दोन्ही तेथून जवळ पडतात. साम्रद व घाटघर अगदी कड्यालगत आहेत. तेथे वारा अधिक असतो आणि भ्रमणध्वनीची रेंज भरवशाची नसते. तंबू नको असेल तर याच तालुक्यातील पुरुषवाडी गावपर्यटनासाठी ओळखली जाते. तेथे पाहुणे गावातील घरांत उतरतात आणि शेतीची कामे जवळून पाहतात.

तंबूचे कार्य

तंबूचे मुख्य काम वारा, दव आणि कीटक अडवणे हे असते. उष्णता निर्माण करण्याचे साधन त्यात नसते. डिसेंबर-जानेवारीत जलाशयाकाठचे तापमान पहाटे १० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली जाते. झोपलेल्या माणसाच्या शरीरातील बरीच उष्णता हवेपेक्षा जमिनीकडे जाते, म्हणून अंगावरच्या पांघरुणाइतकीच खालची जाड सतरंजी वा फोमची गादी महत्त्वाची ठरते. आत झोपलेल्यांच्या श्वासातील बाष्प थंड कापडावर साचते. तंबूची खिडकी पूर्ण बंद केली तर पहाटे आतल्या बाजूने थेंब गळतात आणि पांघरूण ओले होते. हा दोष कापडाचा नसून कोंडलेल्या हवेचा असतो. दुहेरी कापडाच्या तंबूत बाहेरचा पडदा आणि आतली जाळी यांच्यामधून हवा खेळती राहते, त्यामुळे हा त्रास कमी होतो. तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे ठेवणे प्राणघातक असते, कारण बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धबधबे

अंब्रेला धबधबा धरणाच्या पायथ्याशी आहे. भिंतीतील मोरीतून सोडलेले पाणी गोलाकार खडकावरून चहूबाजूंनी पसरत पडते आणि उघड्या छत्रीसारखा आकार दिसतो. तो पूर्णपणे विसर्गावर अवलंबून असल्याने मोरी बंद असेल त्या दिवशी तेथे फक्त ओला खडक असतो. रंधा धबधबा धरणापासून सुमारे १० किलोमीटर खाली, प्रवरेच्या पात्रात आहे. तेथे नदी सुमारे १७० फूट खोल घळीत कोसळते. काठावर घोरपडादेवीचे मंदिर असून पाहण्यासाठी कठडे आहेत. त्याचा प्रवाहही वरून येणाऱ्या पाण्यानुसार वाढतो वा आटतो. जुलै ते सप्टेंबर या काळात दोन्ही धबधबे भरात असतात. विसर्ग अचानक वाढू शकतो, त्यामुळे पात्रात उतरणे कोणत्याही ऋतूत धोक्याचे असते.

अमृतेश्वर मंदिर

रतनवाडीतील अमृतेश्वर हे शिवमंदिर शिलाहारकालीन मानले जाते. ते संरक्षित स्मारक आहे. मंदिराची शैली लोकव्यवहारात हेमाडपंती म्हणून ओळखली जाते. शिखरावर लहान शिखरांच्या उभ्या रांगा आहेत, खांबांवर दाट कोरीव काम आहे. जवळची पुष्करणी स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहे. चौकोनी कुंडाच्या भिंतींत देवकोष्ठे असून त्यांत मूर्ती बसवलेल्या आहेत. मुलांना दगडी बांधकाम समजावून देण्यासाठी ही जागा फार उपयोगी पडते. दगड एकमेकांवर कसे बसवले आहेत, पाण्यापर्यंत पायऱ्या कशा उतरतात आणि नक्षी कोठे झिजली आहे, हे जवळून पाहता येते. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचते, फरशी निसरडी होते.

सांदण दरी

साम्रद गावापासून थोड्या चालीवर जमिनीला पडलेल्या भेगेसारखी ही दरी सुरू होते. बेसाल्टमधील नैसर्गिक भेगेत पाणी शिरून ती रुंदावत आणि खोल होत गेली. लांबी सुमारे दोन किलोमीटर आहे. भिंती काही ठिकाणी २०० ते ३०० फूट उंच आहेत आणि अरुंद जागी ऊन तळापर्यंत क्षणभरच पोहोचते. सुरुवातीच्या टप्प्यात मोठमोठ्या शिळांवरून चालावे लागते व साचलेल्या पाण्याचे डोह पार करावे लागतात. हिवाळ्याच्या आरंभी या डोहांत पाणी अधिक असते, उन्हाळ्याकडे ते कमी होते. सराव असलेली मोठी मुले पहिल्या टप्प्यापर्यंत वाटाड्यासह जाऊ शकतात. त्यापुढील उतार दोरांचे असून ते प्रशिक्षित गटांसाठी आहेत. पावसाळ्यात दरी म्हणजे पाण्याचा मार्गच असतो, म्हणून त्या काळात तेथे उतरणे सर्वथा वर्ज्य.

घाटघर

घाटघरचा कोकणकडा गाडीरस्त्याजवळ आहे, त्यामुळे वृद्ध आणि लहान मुलांनाही तो पाहता येतो. कड्यावरून खाली कोकणातील शेते व वाड्या दिसतात. याच ठिकाणी उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वर एक धरण, खाली कोकणाच्या बाजूला दुसरे आणि मध्ये डोंगराच्या पोटातले वीजगृह अशी त्याची मांडणी आहे. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून १२५ मेगावॉटच्या दोन संचांतून २५० मेगावॉट वीज तयार होते. मागणी कमी असते तेव्हा तेच संच उलटे फिरवून पाणी पुन्हा वर चढवतात. पाणी चढवण्यास लागणारी वीज निर्माण होणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. तरीही गरजेच्या वेळी हाताशी असलेली वीज अधिक मोलाची असल्याने हा व्यवहार परवडतो. वीजगृह सर्वांसाठी खुले नसते, पण वरचे धरण आणि कड्याची उंची पाहून हे तत्त्व सहज समजते.

शिखरे आणि गड

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच परिसरात आहे. बारी गावातून पायवाट चढते. उभ्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते. चढाई सावकाश केल्यास तीन-चार तासांची होते. चालण्याची सवय असलेल्या मुलांना ती जमते, पण सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर गर्दी होते. रतनगड (१,२९७ मीटर) रतनवाडीतून जंगलातून चढावा लागतो. माथ्यावरील नेढे, म्हणजे वारा-पाण्याने खडकाला पडलेले आरपार भोक, हे त्याचे वैशिष्ट्य. यांहून सोपा पर्याय पट्टा किल्ला. वाहन त्याच्या बरेच जवळ जाते आणि पुढची चढण सौम्य आहे. जालन्याच्या मोहिमेनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे विश्रांती घेतली, त्यामुळे गडाला विश्रामगड हे नाव पडले.

काजवे

मे महिन्याच्या उत्तरार्धापासून मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत येथील झाडे रात्री काजव्यांनी उजळतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो नर एकाच लयीत प्रकाशतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन हे द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग पावते आणि जवळजवळ उष्णतारहित प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेला संकेत होय. अळीची अवस्था ओलसर जमिनीत जाते आणि गोगलगायी हे तिचे अन्न असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते, त्यात मीलन साधले नाही तर पुढची पिढी घटते. गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि भ्रमणध्वनीचे झोत या संकेतात व्यत्यय आणतात. झाडाखाली फिरणारे पाय गवतातील माद्यांना चिरडतात. म्हणून वनविभाग या काळात प्रवेशाच्या वेळांवर निर्बंध घालतो. रस्त्यावर उभे राहून, दिवे मालवून, दुरून पाहणे ही योग्य पद्धत आहे. मोठा पाऊस सुरू झाला की हा काळ संपतो.

रात्रीचे आकाश

मोठ्या शहरांपासून दूर असल्याने येथील आकाश बरेच काळोखे असते. हिवाळ्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरी कृत्तिकांचा पुंजका, तांबूस रोहिणी, मृग नक्षत्राचे तीन ठळक तारे आणि तेजस्वी व्याध हे ओळीने ओळखता येतात. मृगाच्या तीन ताऱ्यांची रेषा एकीकडे वाढवली तर व्याध आणि दुसरीकडे वाढवली तर रोहिणी सापडते. मुलांना आकाशाची ओळख करून देण्यासाठी याहून सोपी खूण नाही. डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीतून उगम पावल्यासारखा दिसणारा उल्कावर्षाव होतो. निरीक्षणासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावे लागतात. तंबूंच्या मोठ्या वसाहतीत दिवे आणि ध्वनिक्षेपक चालू असतील तर या लाभाला मुकावे लागते, म्हणून मुक्काम ठरवतानाच याची चौकशी उपयोगी ठरते.

लोक, इतिहास आणि अन्न

परिसरातील बहुतांश वस्ती महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची आहे. इंग्रज राजवटीविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे हे या तालुक्यातील देवगावचे. त्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. भात हे येथील मुख्य पीक. उतारावर नागली, वरई ही पिके घेतली जातात. मुक्कामातील जेवणात तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, वरण-भात हे साधे पदार्थ चुलीवर शिजतात. स्थानिक वाणांचे मोल जगासमोर आणणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या. देशी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बीजबँकेत वाल, भात, भाज्या यांची पारंपरिक वाणे साठवली जातात. ताटातली भाकरी कोणत्या बियाण्यापासून आली, हे मुलांना तेथे हातात घेऊन पाहता येते.

ऋतूंचे वेळापत्रक

जून ते सप्टेंबर हा धबधब्यांचा काळ. वारा आणि पाऊस यांपुढे तंबू टिकत नाही, म्हणून या महिन्यांत पक्क्या खोलीत राहणे योग्य. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पठारांवर सोनकीची पिवळी फुले पसरतात. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी या डोंगरांवर विपुल आहे. तिच्या काठ्यांना शेण-माती लिंपून येथील घरांच्या भिंती उभ्या राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कुटुंबासाठी सर्वांत अनुकूल काळ आहे. काठ मोकळा होतो, आकाश निरभ्र राहते आणि दिवसा चालणे सुखाचे होते. मार्च-एप्रिलमध्ये दुपार तापते, पण सांदण दरीत पाणी कमी असते. मेअखेर काजवे दिसू लागतात. एका भेटीत सर्व काही पाहण्याचा आग्रह धरला तर ऋतूच आड येतो. दोन रात्री हाताशी असतील तर एक दिवस जलाशयाच्या वळशासाठी आणि एक दिवस एका गडासाठी किंवा दरीसाठी, एवढे पुरेसे होते.

धोके आणि नियम

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. ते १९८६ मध्ये घोषित झाले. नाक्यावर प्रवेशशुल्क घेतले जाते आणि वनक्षेत्रात मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. गावाच्या वा खासगी मालकीच्या परवानगी असलेल्या जागेतच मुक्काम करणे सुरक्षित व कायदेशीर ठरते. पोहणे हा येथील सर्वांत मोठा धोका आहे, कारण जलाशयाचा तळ असमान आहे आणि पाणी थंड आहे. परिसरात बिबट्याचा वावर आहे, फुरसे व घोणस हे विषारी साप आढळतात. बूट झटकून घालणे, रात्री विजेरीशिवाय गवतात न जाणे आणि उरलेले अन्न उघडे न ठेवणे एवढ्याने बहुतेक प्रसंग टळतात. सर्पदंश झाल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णाला हालचाल न करू देता रुग्णालयात नेणे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवणे हाच मार्ग आहे.

कचरा आणि पाणी

डोंगरातील इतर शिबिरस्थळांपेक्षा येथील कचऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. हिवाळ्यात ज्या काठावर तंबू उभा राहतो, तो पावसाळ्यात जलाशयाचा तळ असतो. तेथे पुरलेली प्लॅस्टिकची पिशवी, शेकोटीतील अर्धवट जळालेला कचरा किंवा काठावर केलेली शौचाची सोय हे सर्व जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याखाली जाते. तेच पाणी पुढे प्रवरेकाठच्या गावांच्या पिण्यासाठी आणि शेतीसाठी सुटते. म्हणून ‘खड्डा करून पुरणे’ हा डोंगरवाटेवरचा रूढ उपाय या जमिनीवर लागू पडत नाही. कचरा पिशवीत भरून राजूर किंवा घोटीपर्यंत परत नेणे, भांडी काठावर न घासता पाणी वर आणून धुणे, शेकोटी ठरलेल्या जागी लोखंडी घमेल्यात पेटवणे आणि पाण्याच्या रेषेपासून दूर बांधलेले शौचालय असलेली जागा निवडणे हे चार उपाय पुरेसे आहेत. मुक्कामाची जागा ठरवताना भाड्याच्या आधी शौचालयाचे अंतर विचारले, तर उरलेल्या व्यवस्थेचा अंदाज त्या एका उत्तरातून येतो.